दोन पूर्णांक नऊ

आमच्याकडे आकडा जितका लहान
तितकं पोरगं मोठं.
एक म्हणजे अव्वल, चार म्हणजे काठावर.
माझा दोन पूर्णांक नऊ.
वाईट नाही. बँकेत चालतो,
मासळीच्या गोदामात हिशेबाला चालतो.
वैद्यकीयला
नाही चालत.

लोक कारण विचारतात.
त्या वर्षी घरात कुणी गेलं का? आजारी होतीस का?
काही नव्हतं हो.
मी हँडबॉल खेळायचे, उशिरा उठायचे,
लॅटिनच्या तासाला खिडकीतून
बंदरातल्या क्रेन मोजायचे.
एकोणीस.
तो आकडा अजून पाठ आहे.

तेव्हा मागच्या बाजूला एक दार होतं:
थांबा.
सात वर्षं नुसतं थांबा, मग तुमचा नंबर.
आईला म्हटलं, ही एकच परीक्षा अशी
जिच्यात मी नापास व्हायची नाही,
आणि ब्रेमरहाफेनच्या रुग्णवाहिकेवर लागले.

सहा वर्षं जिन्यांवरून माणसं उतरवली.
एकदा बूट न घातलेला नवरदेव,
एकदा चौथ्या मजल्यावरून दीडशे किलोचे टेटयेन,
जे प्रत्येक पायरीला माफी मागत होते.
दर सहा महिन्यांनी अर्ज,
दर सहा महिन्यांनी पातळ लिफाफा.
जाड लिफाफा कसा असतो
ते शेजारच्या गेझीनेच्या टेबलावर पाहिलं,
तिने वर कॉफीचा कप ठेवला होता.

मग नियमच बदलला.
कोर्ट म्हणालं, माणसांना इतकं ताटकळत ठेवणं
हा अन्याय आहे.
बरोबरच म्हणालं.
दार बुजवलं. आम्ही जी आधीच ताटकळलो होतो
त्यांची वर्षं तशीच बाहेर राहिली,
पावसात विसरलेल्या खुर्च्यांसारखी.
एनो, माझा ड्रायव्हर, पावाला लोणी लावत म्हणाला,
"म्हणजे विब्के, तुला न्याय मिळाला."
आम्ही इतके हसलो
की वायरलेसवरचा पत्ता दोनदा विचारावा लागला.

पत्ता ल्यूबर्स बाईंचा होता. पाणी पाणी झालेलं अंग,
सुईदोऱ्यातल्या दोऱ्यासारख्या शिरा.
मी एकदा टोचलं. परत टोचलं.
मागून डॉक्टर आला, योस्ट, अठ्ठावीस वर्षांचा,
एक पूर्णांक शून्य.
(मीच विचारलं होतं कधीतरी.
पगार सांगावा तसा ओशाळून सांगितला त्याने.)
खोटं कशाला बोलू, त्याचाही नेम चुकावा
असं मला फार वाटलं.
तो गुडघ्यावर बसला, बाईंशी मांजराबद्दल बोलला,
आणि बोलता बोलता शीर मिळाली.
पहिल्याच खेपेला.

गुणांना काय विचारायचं, म्हणतात लोक,
हातगुण पाहिजे.
त्यांना योस्ट भेटलेला नाही.
त्याच्याकडे दोन्ही आहेत,
वर मांजराचं नावही लक्षात राहतं.

जिना उतरताना विचारलं, अंगठा कुठे ठेवलास?
तो थांबला. हातमोजा काढला
आणि माझ्याच मनगटावर दाखवलं:
इथे नाही. जरा खाली. कातडी ओढून.

आता मे महिन्यात एक चाचणी आहे,
गाडीवरच्या वर्षांचे थोडे गुण मिळतात म्हणे.
आई फोनवर विचारते, शक्यता किती?
एनोने सिगरेटच्या पाकिटावर हिशेब मांडलाय:
शंभरात चार. वारा बरा असला तर पाच.

डेपोच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आहे.
त्यात शक्यता नसतात, नुसत्या वेळा असतात.
सहा बेचाळीस. अठरा पंचावन्न.
मी त्याच्याकडे पाठ करून अर्ज भरते.
गुणांच्या रकान्यात दोन पूर्णांक नऊ,
पेन न उचलता.

मग सुई काढते.
समोर एनो बाही सारून बसलाय, पन्नाशीचा धिप्पाड गडी,
"दुखलं तर सांगेन," म्हणतो
आणि आधीच
दुसरीकडे बघायला लागतो.